जुन्या पुस्तकात ‘व्हिट्रिऑल’ दिसलं तर ते नक्की कुठलं, हे कसं ओळखायचं

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या इंग्रजी रंगकामाच्या पुस्तकातली कृती वाचून मी दोन मीटर मांजरपाट काळा करायला बसले होते. कृती दिसायला सोपी होती, हिरड्याची पूड रात्रभर भिजवून गाळलेल्या पाण्यात कापड मुरवायचं, सावलीत वाळवायचं आणि मग ‘कॉपरस’च्या कोमट पाण्यातून काढायचं, की काळं होतं. कॉपरस म्हणजे कॉपर, कॉपर म्हणजे तांबं, तांब्याचा खडा म्हणजे मोरचूद, असा मी सरळ हिशोब केला, पाव किलो मोरचूद आणला आणि कापड बुडवलं. काळं वगैरे काही नाही, बाहेर आलं ते मेंदी वाटून ठेवल्यावर कडेला जसा रंग होतो तसं. दुसऱ्यांदा बुडवलं, तिसऱ्यांदा बुडवलं, तेच. शेवटी केमिकलच्या दुकानातल्या काकांना जाऊन विचारलं तर ते एका वाक्यात म्हणाले, ‘अहो ताई, काळ्याला हिराकस लागतो, मोरचूद कशाला नेलात?’

कॉपरस म्हणजे हिराकस. त्यात तांबं नावालासुद्धा नाही, ते लोखंडाचं सल्फेट आहे. आणि त्याच पुस्तकात तीन पानं पुढे त्याच वस्तूला ‘ग्रीन व्हिट्रिऑल’ म्हटलं होतं, मी तेवढं वाचलं असतं तरी कापड वाचलं असतं.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलेय. शाईच्या, रंगाच्या, औषधाच्या, फवारणीच्या जुन्या कृतींचे फोटो लोक पाठवतात आणि विचारतात की यातलं व्हिट्रिऑल म्हणजे काय आणायचं. प्रत्येकाला तेच तेच परत लिहिण्यापेक्षा मी स्वतः ज्या क्रमाने बघते तो क्रम इथे लिहून ठेवते.

आधी शब्दाचा अर्थ डोक्यात बसवा

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे व्हिट्रिऑल हे एका पदार्थाचं नाव नाहीये. ते एका दिसण्याचं नाव आहे. लॅटिनमध्ये काचेला ‘व्हित्रुम’ म्हणतात, त्यावरून काचेसारखं ते ‘व्हित्रिओलुम’, आणि त्याचंच पुढे व्हिट्रिऑल झालं. खाणीच्या पाण्यातून जे पारदर्शक, चकचकीत, कडा असलेले खडे सुटायचे ते काचेच्या तुकड्यांसारखे दिसायचे, म्हणून हे नाव. आत तांबं आहे की लोखंड की जस्त याच्याशी नावाला काही देणंघेणं नव्हतं.

हे नुसतं शब्दकोशातलं स्पष्टीकरण नाही. रोमन लेखक प्लिनी, जो इसवी सन ७९ मध्ये वारला, त्याने स्पेनमध्ये हे खडे कसे काढतात ते लिहून ठेवलंय. विहिरींचं आणि डबक्यांचं ते खनिज पाणी घ्यायचं, त्यात तेवढंच गोडं पाणी घालून उकळायचं आणि लाकडी हौदांत ओतायचं. हौदावर आडव्या दांड्या, दांड्यांवरून खाली सोडलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्या ताठ राहाव्यात म्हणून टोकाला दगड बांधलेले. पाणी निवत गेलं की दोऱ्यांवर खडे धरायचे, द्राक्षाच्या घडासारखे, काचेच्या मण्यांचे. मग काढून तीस दिवस वाळवायचे. रंग निळा, चमक अशी की लोक त्याला काचच समजायचे, असं तो म्हणतो. मला हे वाचल्यावर लगेच आपली दोऱ्यावरची खडीसाखर आठवली, चावताना मधला दोरा दाताखाली येतो ना, तीच युक्ती आहे ही, फक्त साखरेच्या जागी खाणीचं पाणी.

आता याच उताऱ्यात एक बारीक गोष्ट आहे. प्लिनी रंग निळा सांगतो आणि त्याच दमात म्हणतो की हे पाण्यात कालवून चामडं काळं करतात, आणि रोमन लोक त्याला म्हणायचे ‘चांभाराचं काळं’. नुसत्या मोरचुदाने चामडं काळं होत नाही, ते काम लोखंडाचं. म्हणजे त्या हौदातल्या खड्यांत तांबं आणि लोखंड मिसळलेलं असणार, असं माझं मत आहे. ग्रीक लोक त्याच वस्तूला ‘खाल्कान्थोन’ म्हणायचे, म्हणजे तांब्याचं फूल. बघा, एकाच वस्तूला एक नाव तांब्यावरून, एक नाव काळ्या रंगावरून, आणि पुढे एक नाव काचेवरून. गोंधळाची सुरुवात पहिल्या पानापासूनच आहे.

‘व्हिट्रिऑल’ हे नाव युरोपात तेराव्या शतकात लिखाणात सापडतं. हे सांगायचं कारण म्हणजे कुणीतरी तुम्हाला हमखास सांगणार की हा शब्द सात लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांवरून झालाय, ‘व्हिजिता इंतेरिओरा तेर्रे रेक्तिफिकांदो इन्व्हेनिएस ओक्कुल्तुम लापिदेम’, म्हणजे पृथ्वीच्या पोटात जा, शुद्ध करत करत तुला लपलेला दगड सापडेल. वाक्य सुंदर आहे, किमया करणाऱ्यांच्या सतराव्या शतकातल्या पुस्तकांत ते वर्तुळात कोरलेलंही दिसतं, पण ते शब्दाचं मूळ नाही. शब्द आधीपासून होता आणि वाक्य नंतर त्याच्यावर बसवलं. तेव्हा ही गोष्ट कुणी मूळ म्हणून सांगितली तर नम्रपणे दुरुस्त करा.

अरबी-फारसी बाजूला याच कुटुंबाला ‘झाज’ म्हणायचे. नवव्या-दहाव्या शतकातला इराणी वैद्य आणि रसायनज्ञ अल-राझी खनिजांचे सहा वर्ग करतो आणि त्यातला एक पूर्ण वर्ग या झाजांचा. तिथेही ते कुटुंबाचं नाव, एका वस्तूचं नाही. तुर्कीत सल्फ्युरिक ॲसिडला आजही ‘झाच याई’ म्हणतात, म्हणजे झाजचं तेल. हे तेल प्रकरण पुढे येतंय, तिथे सगळ्यात जास्त लोक घसरतात.

मग विशेषण शोधा

कृतीत नुसतं व्हिट्रिऑल लिहिलंय का त्याच्या मागे-पुढे काही शब्द आहे, हे बघा. बऱ्याच वेळा असतो. निळं असेल तर मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट. हिरवं असेल तर हिराकस, लोखंडाचं सल्फेट. पांढरं असेल तर जस्ताचं, ज्याला आपला शेतकरी सरळ झिंक सल्फेट म्हणतो. गुलाबी किंवा लाल क्वचित भेटतं, ते कोबाल्टचं. एवढ्यावर अर्ध्याहून जास्त कृती सुटतात.

रंगाऐवजी ग्रहाचं नाव असेल तर घाबरू नका. किमयावाले धातूंना ग्रहांची नावं द्यायचे, मंगळ म्हणजे लोखंड आणि शुक्र म्हणजे तांबं. म्हणून ‘व्हिट्रिऑल ऑफ मार्स’ हा हिराकस आणि ‘व्हिट्रिऑल ऑफ व्हीनस’ हा मोरचूद. पण चंद्राचं व्हिट्रिऑल म्हटलं तर तिथे थांबा. चंद्र म्हणजे चांदी हे बरोबर, पण ते चांदीचं सल्फेट नसून सिल्व्हर नायट्रेटचे खडे असतात, गंधकाचा त्यात संबंधच नाही. खडे काचेसारखे दिसले म्हणून दिलं नाव, इतकंच. मी म्हटलं ना की हे दिसण्याचं नाव आहे, त्याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

गावाचं नाव असेल तर सायप्रसचं आणि रोमन म्हणजे बहुतेक इंग्रजी औषधी पुस्तकांत निळं, गोस्लारचं म्हणजे पांढरं, आणि साल्झबुर्गचं म्हणजे तांबं-लोखंड मिसळलेलं. गोस्लार हे जर्मनीतलं खाणीचं गाव, त्यावरून झिंक सल्फेटच्या खनिजाला आजही ‘गोस्लाराइट’ म्हणतात. तसंच हिराकसाच्या खनिजाचं नाव ‘मेलँटेराइट’, ग्रीकमधल्या काळ्या रंगाच्या शब्दावरून, आणि मोरचुदाचं ‘चाल्कँथाइट’, तेच ते तांब्याचं फूल. संग्रहालयात काचेच्या पेटीत ही लेबलं दिसली तर आता ओळखीची वाटतील.

आणि कॉपरस. यावर माझे दोन मीटर कापड गेलंय म्हणून जरा जोरात सांगते. इंग्रजी कृतीत कॉपरस एकटं आलं तर ते हिरवंच धरायचं, म्हणजे हिराकस. ‘ब्लू कॉपरस’ किंवा ‘व्हाइट कॉपरस’ असं लिहिलं असेल तरच मोरचूद किंवा झिंक. नावात तांब्याची सावली आहे कारण मुळात हा शब्द तांब्याच्या पाण्यावरून आला, पण इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून तो धंदा झाला तो लोखंडाचा. केंटच्या किनाऱ्यावर, व्हिटस्टेबल वगैरे भागात, लाटांबरोबर येणारे पायराइटचे, म्हणजे लोखंड आणि गंधक असलेल्या खनिजाचे, गोटे गोळा करायचे, उघड्यावर मोठ्या वाफ्यांत पसरून पावसापाण्यात वर्षानुवर्षं कुजू द्यायचे, खाली झिरपणारं पाणी साठवून त्यात भंगार लोखंड टाकून उकळायचं आणि मग थंड होताना हिरवे खडे धरायचे. शाई, काळं कापड, काळं चामडं, सगळं त्यावर चालायचं. रशियन भाषेत याच शब्दाचा भाऊ ‘कुपोरोस’ अजून रोजच्या वापरात आहे, तिथे मात्र तांब्याचा कुपोरोस आणि लोखंडाचा कुपोरोस असं नीट वेगळं म्हणतात.

तेल, स्पिरिट, एलिक्झर हे शब्द दिसले तर तो खडा नाहीच

ही पायरी कुणी चुकवू नये असं मला मनापासून वाटतं, कारण इथली चूक कापडावर थांबत नाही. ‘ऑइल ऑफ व्हिट्रिऑल’ म्हणजे घट्ट सल्फ्युरिक ॲसिड, आपलं गंधकाम्ल. तेल म्हणायचं कारण ते तेलासारखं जाड आणि संथ ओततं, पाण्याच्या पावणेदोन पटीहून जड असतं. व्हिट्रिऑलचं का, तर हिराकस आधी भाजून कोरडा करायचे आणि मग मातीच्या भांड्यांत प्रचंड तापवायचे, त्यातून जी वाफ निघायची ती थंड केली की हे तेल मिळायचं. भांड्यात मागे उरायची लाल माती, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, तिला ‘कोल्कोथार’ म्हणायचे आणि तिने काच आणि धातू घासून चकाकी आणायचे. जर्मनीतल्या नॉर्डहाउझेनचं असं धुरकट ॲसिड फार प्रसिद्ध होतं. पुढे १७४६ मध्ये जॉन रोबकने बर्मिंगहॅमला शिशाच्या खोल्यांत गंधक आणि सोरा जाळून ॲसिड करायला सुरुवात केली, म्हणजे आता त्यात हिराकसाचा काही संबंध उरला नव्हता, तरी नाव जुनंच राहिलं.

‘स्पिरिट ऑफ व्हिट्रिऑल’ म्हणजे तेच ॲसिड पण पातळ. ‘स्वीट ऑइल ऑफ व्हिट्रिऑल’ म्हणजे ईथर. व्हालेरिउस कॉर्डुस या जर्मन वैद्याने १५४० च्या सुमारास दारूचा अर्क आणि हे ॲसिड एकत्र तापवून ते कसं करायचं ते लिहिलं, आणि १८४६ मध्ये बॉस्टनला ज्याचा वास देऊन पेशंटला झोपवून जाहीर ऑपरेशन झालं तो हाच ईथर. नावात व्हिट्रिऑल आहे पण आत ना तांबं ना लोखंड ना सल्फेट.

‘एलिक्झर ऑफ व्हिट्रिऑल’ तर एका फार मोठ्या गोष्टीत येतं. १७४७ च्या मे महिन्यात जेम्स लिंड हा इंग्रजी आरमाराचा डॉक्टर सॉल्सबरी नावाच्या जहाजावर होता, स्कर्व्हीचे बारा रोगी त्याने दोन-दोनच्या सहा जोड्यांत वाटले आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला संत्री-लिंबं, एकीला सायडर, एकीला समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला दिवसातून तीन वेळा पंचवीस थेंब एलिक्झर ऑफ व्हिट्रिऑल. बरी झाली ती संत्र्या-लिंबांची जोडी. मी एका मराठी लेखात याचं भाषांतर ‘मोरचुदाचा अर्क’ असं केलेलं वाचलंय आणि वाचून अंगावर काटा आला, कारण मोरचूद पोटात गेला तर माणूस ओकून ओकून बेजार होतो, जिवावरही बेततं. एलिक्झर म्हणजे खूप पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड, दारूच्या अर्कात आणि सुंठ-दालचिनीसारख्या सुगंधी मसाल्यांत. भाषांतर करणाऱ्यांनी प्लीज हे लक्षात ठेवा.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बातम्यांत किंवा कोर्टाच्या कागदांत कुणी कुणावर व्हिट्रिऑल फेकलं असं आलं तर तेही ॲसिडच, मराठीत तेजाब. इंग्रजीत जहरी, भाजून काढणाऱ्या बोलण्याला जे विशेषण आहे ते याच ॲसिडवरून आलं, निळ्या-हिरव्या खड्यांवरून नाही.

साल बघा

पुस्तक १७८७ च्या आधीचं की नंतरचं, हे बघण्याला फार किंमत आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये गीतों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फुर्क्रुआ या चौघांनी रसायनांच्या नावांची नवी पद्धत छापली. पदार्थ कसा दिसतो, कुठल्या गावचा, कुठल्या ग्रहाचा हे सगळं बाजूला ठेवून त्यात काय आहे ते नावातच सांगायचं. गंधकाच्या ॲसिडपासून झालेलं मीठ ते सल्फेट, मग पुढे धातूचं नाव. व्हिट्रिऑलचं सल्फेट झालं ते इथे.

त्याच्या आधीच्या पुस्तकांत ‘व्हिट्रिऑलिक ॲसिड’ म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये जस्त आणि लोखंडावर जे ओतून हायड्रोजन काढला त्यातलं एक. आणि ‘व्हिट्रिओलेटेड’ असं कुठेही दिसलं की सल्फेट वाचायचं, ‘व्हिट्रिओलेटेड टार्टार’ म्हणजे पोटॅशियम सल्फेट, शेतकरी ज्याला एसओपी म्हणतो ते. १७८७ नंतर मात्र दोन्ही नावं शंभर वर्षं शेजारी शेजारी चालली, शास्त्रज्ञ सल्फेट म्हणायचे आणि दुकानदार, रंगारी, शेतकरी व्हिट्रिऑलच म्हणायचे. त्यामुळे नंतरच्या पुस्तकात शब्द दिसला तर लेखक धंद्यातला माणूस आहे असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही.

आपली नावं वापरा, ती जास्त नेमकी आहेत

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे. युरोपात आणि अरबांकडे सगळ्यांना एका पिशवीत घातलं, पण आपल्याकडे रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या शास्त्रात, ते पहिल्यापासून वेगळे आहेत. रसरत्नसमुच्चय या त्यातल्या जुन्या ग्रंथात सस्यक म्हणजे मोरचूद हा आठ महारसांत आहे आणि कासीस म्हणजे हिराकस हा उपरसांत, तुरटी आणि गेरूच्या शेजारी. वर्गसुद्धा वेगळा. सस्यकाला मयूरतुत्थ म्हणतात, शिखिग्रीव म्हणतात, शिखी म्हणजे मोर आणि ग्रीवा म्हणजे मान. मोरचुदाचा ताजा खडा उन्हात धरून बघा, मोराच्या मानेवरचा निळा म्हणजे काय ते दिसतं, काचेपेक्षा ही उपमा कितीतरी नेमकी आहे. आपल्या मोरचूदमधला मोर तोच. आणि हिराकसातला ‘कस’ म्हणजे कासीस.

एक खड्डा मात्र आपल्याही बाजूला आहे. संस्कृत तुत्थ, हिंदी तूतिया, नीला थोथा हे सगळे मोरचूद, पण अरबी-फारसी वैद्यकातला ‘तूतिया’ म्हणजे भट्टीच्या धुराड्यात जमणारा जस्ताचा ऑक्साइड, डोळ्यांच्या औषधात वापरायचे तो. युनानी पुस्तक वाचत असाल तर तूतिया दिसला की लगेच मोरचूद लिहू नका, आजूबाजूचं वाचा. (आणि यातलं काहीही घरी डोळ्यात किंवा पोटात घालायचं नाही, जुनी कृती कितीही भारी वाटली तरी. वैद्य शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत ते उगाच नाही.)

विशेषण नाही, साल नाही, तर काम बघा

कधी कधी नुसतंच ‘घ्या व्हिट्रिऑल चार औंस’ असतं. तेव्हा कृती कशाची आहे ते बघायचं. शाई, काळं कापड, काळं चामडं असेल आणि सोबत मायफळ, हिरडा, डाळिंबाची साल, बाभळीची साल असलं काही तुरट असेल तर डोळे मिटून हिराकस. तुरट पदार्थातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळं होणारच, विळीवर चिरलेलं कच्चं केळं काळं पडतं तेच. द्राक्षावर, झाडाच्या खोडावर, बुरशीवर फवारायचं असेल तर मोरचूद. बोर्डो मिश्रण तेच, फ्रान्समधल्या मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद-चुन्याचं पाणी मारायचे आणि १८८२ मध्ये मिलार्दे या प्राध्यापकाला दिसलं की नेमक्या त्याच वेली रोगातून वाचल्यात. आज नाशिकला द्राक्षांवर आणि कोकण-गोव्यात सुपारीच्या कोळेरोगावर तेच मारतात, एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. डोळे धुवायच्या पाण्यात असेल तर बहुधा पांढरं, म्हणजे झिंक. तापवून ॲसिड काढायचं असेल तर हिरवं.

मिश्रणात लोखंडी खिळा टाकून तो लाल झाला असं वर्णन असेल तर निळं. स्लोव्हाकियातल्या हेरनग्रुंडच्या खाणीत असंच पाणी होतं, लोखंड टाकलं की काही दिवसांनी तांबं हातात यायचं आणि बघणाऱ्यांना वाटायचं की धातूच बदलला. त्या तांब्याचे सोन्याचा मुलामा दिलेले पेले करून विकायचे. खरं तर लोखंड विरघळत जातं आणि त्याच्या जागी पाण्यातलं तांबं बसतं.

हातात खडे असतील तर

आजीच्या फडताळातून, जुन्या दुकानातून बिनलेबलची बरणी आली असेल तर रंगावर पूर्ण विसंबू नका. मोरचूद तापला की त्यातलं पाणी उडून पांढरी पूड होते, पाण्याचा थेंब टाकला की परत निळी. हिराकस हवेत राहिला की वरून पिवळट-तपकिरी गंज चढतो आणि कधी पांढुरकाही होतो. म्हणून मी असं करते, हातमोजे घालून, खायच्या भांड्यात नाही, काचेच्या जुन्या ग्लासात.

अर्धा ग्लास पाण्यात वाटाण्याएवढा खडा विरघळवा. सॅंडपेपरने घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात सोडा. निळं पाणी आणि पाच-दहा मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर, म्हणजे मोरचूद. तो खिळा दिवसभर तसाच ठेवलात तर पाण्याचा निळेपणा जाऊन फिकट हिरवट झाक येते, तुमच्यासमोर मोरचुदाचा हिराकस होत असतो, मला हे बघायला अजून आवडतं. बोर्डो करणारे शेतकरी सळई किंवा विळा बुडवून बघतात तीच ही टेस्ट, तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

दुसऱ्या ग्लासात बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक कोरा चहा घ्या आणि खड्याचं पाणी चमचाभर घाला. लगेच शाईसारखं निळं-काळं झालं तर त्यात लोखंड आहे. दोन्ही टेस्टला काहीच झालं नाही आणि खडा पांढरा असेल तर झिंक सल्फेट असेल किंवा तुरटीसुद्धा असेल, ते लॅबमध्येच बघावं लागतं, अमोनिया घातल्यावर जो पांढरा साका येतो तो जास्त अमोनियात विरघळला तर जस्त, तसाच राहिला तर तुरटी. घरी चाखून तर अजिबात बघायचं नाही.

आणि नवीनच विकत घेणार असाल तर बरणीपेक्षा पिशवीवरचा आकडा वाचा. झिंक सल्फेट २१ टक्के आणि ३३ टक्के जस्त अशा दोन प्रकारात येतं, २१ वाल्या खड्यात पाण्याचे सात रेणू धरलेले असतात, म्हणजे जुन्या पुस्तकातलं पांढरं व्हिट्रिऑल, आणि ३३ वाल्यात पाण्याचा एकच रेणू. जुन्या कृतीत वजन दिलंय ते पाण्यासकट खड्याचं असतं, त्यामुळे ३३ वालं त्याच मापाने घातलंत तर दीडपट जास्त पडेल. हिराकसाच्या वजनात तर जवळजवळ ४५ टक्के पाणीच असतं आणि मोरचुदात ३६, म्हणून सुकून पांढरी पडलेली जुनी पूड वापरायची असेल तर माप कमी करा.

टेस्ट झाल्यावर मोरचुदाचं पाणी ओढ्यात, विहिरीत, माशांच्या टाकीजवळ कुठे ओतू नका, मासे त्याने फार लवकर मरतात. मी जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीत चुन्याच्या पाण्यात ओतते, तांबं निळसर गाळ होऊन खाली बसतं, तो गाळ वाळवून वेगळा बांधून ठेवते. आणि पुस्तकात जिथे जिथे कॉपरस लिहिलंय तिथे पेन्सिलने समासात ‘हिराकस’ लिहून ठेवलंय, पुढच्या माणसासाठी.